स्कॅनर गाडीशी बोलेना, तेव्हा

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणून ऑनलाइन मागवलेला काडेपेटीएवढा स्कॅनर (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून फोनवर दाखवणारा) मी स्टीअरिंगखालच्या सॉकेटात खोचला. अ‍ॅप म्हणालं, कनेक्ट होत नाही. अर्धा तास फोनशी झटापट केली, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. शेवटी शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं, "मोबाइलचा चार्जर तरी चालतोय का?" तोही बंद होता.

तिचं बरोबर होतं. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटला आणि सिगारेट लायटरला वीज एकाच फ्यूजमधून मिळते. लायटरमध्ये स्वस्तातला चार्जर शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि स्कॅनरही मरतो. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घातला आणि स्कॅनरचा लाल दिवा लागला.

पण दिवा लागला म्हणजे काम झालं, असं नाही. सॉकेटला 16 पिना असतात. 16 नंबरला थेट बॅटरीचा प्लस येतो, 4 आणि 5 अर्थिंगच्या. म्हणून चावी खिशात असतानाही दिवा लागतो, पण इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, झोपलेलाच असतो. चावी 'ऑन'वर फिरवायची, तेव्हा तो उत्तर देतो. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा किंवा दोनदा दाबलं, की बहुतेक वेळा चावी 'ऑन'वर फिरवल्यासारखंच होतं.

मग फोन. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा स्कॅनर अँड्रॉइडला जोडला जातो (जोडताना मागितला जाणारा आकडा बहुधा 1234 किंवा 0000), आयफोनला नाही. तिथे लो-एनर्जी ब्लूटूथचा किंवा वायफायचा लागतो. वायफायवाल्याची वेगळीच कटकट. त्याच्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप ते सोडून मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद केला की भांडण मिटतं.

फोन आणि स्कॅनरचं जमलं, तरी गाडी गप्प असेल, तर प्रश्न भाषेचा असू शकतो. अमेरिकेत 1996च्या मॉडेलपासून हे सॉकेट सक्तीचं झालं, पण त्यातून बोलायच्या भाषा अनेक राहिल्या. तिथे सगळ्यांना 'कॅन' ही एकच भाषा सक्तीची व्हायला 2008 उजाडलं. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून या सॉकेटातून सांगायची पद्धत, आली 2013मध्ये. जुन्या गाड्यांत 7 नंबरच्या पिनेवर के-लाइन ही एका तारेवरची जुनी भाषा भेटते. तिच्या जुन्या पद्धतीत ओळख पटवण्याचा वेग सेकंदाला 5 बिट! नुसती हाक मारायलाच दोन सेकंद जातात. स्वस्त स्कॅनरात कॅनडातल्या एका कंपनीच्या ईएलएम327 चिपच्या नकला असतात. त्यांवर मिरवला जाणारा '1.5' हा आवृत्तीचा नंबर मूळ कंपनीने कधी काढलाच नव्हता. यातल्या काही नकलांना कॅन जमतं, ही संथ हाक जमत नाही. अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे ही भाषा, 'ऑटो'वर न ठेवता हाताने निवडून पाहावा. तरीही नाही, तर स्कॅनर दुसऱ्याच्या गाडीत लावून पाहावा. दोष कोणाचा, ते लगेच कळतं.

कॅनचा प्रकार मला सगळ्यात देखणा वाटतो. बॉशने 1986मध्ये तो जगासमोर मांडला. पिळ घातलेल्या दोन तारा, सॉकेटात 6 आणि 14. गप्प असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त दोघींतला फरक मोजतो. त्यामुळे इंजिनाच्या ठिणग्यांचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आला, तरी वजाबाकीत उडून जातो. तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून प्रतिध्वनीसारखा परत येईल.

दोन 120 समांतर, म्हणजे 60. बॅटरीची तार काढायची, थोडं थांबायचं आणि मल्टिमीटरची टोकं 6 आणि 14वर टेकवायची. 60च्या आसपास आलं तर तारा धडधाकट. 120 आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात. अशा वेळी बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म आधी काढून पाहावा. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे, म्हणजे सॉकेट आणि आतल्या तारा यांच्यामध्ये बसून निरोप पुढे पाठवणारा संगणक, असतो, तिथे हे माप गेटवेपर्यंतच्या तारांचंच.

माझ्या गाडीला एवढं काही झालं नव्हतं. फ्यूज बदलल्यावर कोड आला पी0113: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. आदल्या रविवारी एअर फिल्टर झटकताना मी त्याचा प्लग काढला होता. तो तसाच लोंबत होता.