खातं हॅक झालं, की ओळखच चोरीला गेली?

माझ्या मावसबहिणीला एका दुपारी वसुलीवाल्याचा फोन आला. तीन हप्ते थकलेत, कधी भरताय? तिने कर्ज घेतलंच नव्हतं. ‘अकाउंट हॅक झालं’ असं धरून ती रात्री उशिरापर्यंत एकेक पासवर्ड बदलत बसली. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण तिच्या खात्याला कुणी हातच लावला नव्हता.

खातं हॅक होतं तेव्हा चोर तुमच्याच ई-मेलमध्ये किंवा बँकखात्यात शिरतो. सुगावा बहुधा लवकर लागतो. न केलेल्या व्यवहाराचा मेसेज येतो, नाहीतर पासवर्ड चालेनासा होतो. ओळख चोरीला जाते तेव्हा तो तुमचं नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा नंबर वापरून भलतीकडेच नवं खातं उघडतो. अर्जावर फोन नंबर स्वतःचा देतो, म्हणून तुम्हाला एकही मेसेज येत नाही. कळतं ते महिन्यांनी, वसुलीच्या फोनवरून किंवा तुमचा स्वतःचा कर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर.

पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. २०१७ मध्ये लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. तिच्यात नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथले सरकारी ओळख क्रमांक, होते. सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीतून चोर आत शिरले, तिच्यावरची दुरुस्ती त्याआधीच उपलब्ध झाली होती. ती वेळेत बसवली गेली नाही. यात त्या लोकांची काहीच चूक नव्हती, म्हणून ओळख चोरीला गेलेल्या माणसाला ‘तूच निष्काळजी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सिम स्वॅपमध्ये मात्र दोन्ही चोऱ्या एकत्र येतात. चोर तुम्ही असल्याची बतावणी करून तुमच्या नंबरचं नवं सिम काढतो आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमची अचानक गेली, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि लगेच मोबाइल कंपनीला कळवा.

खातं हॅक झालं असेल तर पैशांचे व्यवहार बँकेकडून तत्काळ थांबवा आणि मग सर्वात आधी ई-मेल सोडवा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. चोराने तुमची पत्रं स्वतःकडे वळवायची सेटिंग करून ठेवली नाही ना, हेही बघा. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पुढे ओटीपी एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. तो साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि सिमवर अवलंबून नसतो.

ओळख चोरीला गेली असेल तर झगडा कागदावरचा आहे. कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा की हे कर्ज माझं नाही, आणि मूळ अर्जाची व जोडलेल्या कागदपत्रांची प्रत मागा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत जपा. क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवून चुकीच्या नोंदीवर हरकत घ्या. अमेरिकेत हा अहवाल गोठवण्याची सोय २०१८ पासून मोफत आहे. तो गोठवला, म्हणजे नव्या कर्जदात्यांना बघता येऊ नये असा बंद केला, की तुमच्या नावाने नवं कर्ज काढणं फार अवघड होतं. आणि कटकट मिटावी म्हणून एकही हप्ता भरू नका. तो भरला की कर्ज तुम्ही कबूल केलं असा अर्थ काढला जाऊ शकतो.

बहिणीच्या हाती अर्जाची प्रत आली तेव्हा सोबतची ओळखपत्राची झेरॉक्स तिने लगेच ओळखली. घडीची आडवी रेघ थेट तिच्या फोटोवरून गेली होती. खोली भाड्याने घेताना दिलेली तीच झेरॉक्स. आता कुठेही झेरॉक्स देताना ती कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, हे छापील अक्षरांवरूनच तिरकं लिहून देते.