जुन्या संगणकांचा पिवळेपणा आणि नागपूरचे ऊन

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मला एक व्हिडिओ दाखवला आणि विचारले, "सर, ऊन लागून प्लॅस्टिक पिवळे पडते, मग त्याच उन्हात ठेवल्यावर ते पांढरे कसे होते?" प्रश्न अगदी नेमका होता. व्हिडिओत मात्र त्याचे उत्तर नव्हते. पिवळाजर्द संगणक, एक 'जादुई' द्रावण आणि काही मिनिटांनी नवाकोरा दिसणारा तोच संगणक, एवढेच त्यात होते. जादू या शब्दाने ज्या रसायनशास्त्रावर पांघरूण घातले गेले, ते इतके सुंदर आहे की ते सविस्तर सांगितलेच पाहिजे.

जुने संगणक मिळवून दुरुस्त करणे आणि त्यांचे व्हिडिओ बनवणे हा आता काही जणांचा पूर्णवेळ व्यवसाय झाला आहे. अमेरिकेतील टेक्सासचे डेव्हिड मरे हे त्यातील ठळक नाव. आरंभी ते ॲपलचे जुने आयबुक लॅपटॉप दुरुस्त करून विकत, त्यामुळे त्यांच्या वाहिनीचे नावही 'द आयबुक गाय' असे होते. पुढे ते १९८० च्या दशकातील आठ-बिट (एका वेळी माहितीचे आठ बिट हाताळणाऱ्या) यंत्रांकडे वळले आणि 'द एट-बिट गाय' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांनी जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहिले आणि 'कमांडर एक्स-१६' हा नवा आठ-बिट संगणकही घडवून आणला. अशा व्यवसायात प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे दृश्य एकच असते, ते म्हणजे पिवळ्या पेटीचे पांढरे होणे. आपल्याकडेही अशा पेट्या होत्या. केंद्र सरकारच्या १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो हे संगणक फिकट क्रीम रंगाचेच होते.

पिवळेपणा म्हणजे धूळ किंवा सिगारेटचा धूर, हा समज सर्वत्र आढळतो. तसे असते तर साबणाने तो निघाला असता. खरे कारण प्लॅस्टिकच्या रेणूंत आहे. या पेट्या बहुधा एबीएस या प्लॅस्टिकच्या असतात. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तीन घटकांपासून ते बनते. ब्युटाडाइनचा भाग रबरासारखा लवचीक असल्याने पेटी पडली तरी सहसा फुटत नाही. परंतु याच भागात कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन अणू तुलनेने सैल धरलेला असतो. प्लॅस्टिकचा गुण आणि दोष एकाच जागी आहेत.

आता प्रकाशाकडे वळू. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणाच्या एका फोटॉनमध्ये सुमारे ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा असते, तर कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास सुमारे ३.६ पुरतात. प्लॅस्टिकमधील एखाद्या अशुद्ध कणाने असा फोटॉन शोषला की कुठेतरी बंध तुटतो आणि एकटा इलेक्ट्रॉन उरलेला मुक्त मूलक तयार होतो. तो हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ जोडला जातो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. हा नवा मूलक शेजारच्या रेणूवरील तो सैल हायड्रोजन ओढून घेतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होतो. पण ज्याचा हायड्रोजन गेला, तो शेजारी आता मूलक झालेला असतो. तोही ऑक्सिजन घेतो, पुढच्याचा हायड्रोजन ओढतो, आणि साखळी चालू राहते. मागे राहिलेले हायड्रोपेरॉक्साइडही फार टिकत नाही; उष्णतेने किंवा प्रकाशाने त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवी साखळी सुरू करू शकतो. म्हणूनच ही प्रक्रिया एकदा जोमात आली की अंधाऱ्या कपाटातही सुरूच राहते.

या साखळीच्या शेवटी कार्बोनिल गट तयार होतात, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंध. असा गट कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या शेजारी आला की दोन्हींचे इलेक्ट्रॉन एकत्र पसरतात. इलेक्ट्रॉनांना पसरायला जितकी जास्त जागा, तितकी त्यांना वरच्या पातळीवर नेण्यास लागणारी ऊर्जा कमी. त्यामुळे आधी केवळ अतिनील प्रकाश शोषणारा रेणू आता दृश्य प्रकाशातील जांभळा आणि निळा भागही शोषू लागतो, आणि पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्यांना पिवळा दिसतो. प्लॅस्टिक पेट न घ्यावे म्हणून घातलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांवर सगळा दोष टाकण्याची पद्धत आहे. ती रसायने ऱ्हासाचा वेग वाढवू शकतात, पण ब्रोमीन नसलेले एबीएसही पिवळे पडते. पुरावा अनेक जुन्या कीबोर्डांवर दिसतो: इतर कळा पीबीटी या वेगळ्या प्लॅस्टिकच्या असल्याने पांढऱ्या राहतात आणि एबीएसची लांब स्पेसबार तेवढी पिवळी होते.

व्हिडिओतील 'जादुई' द्रावणात असते ते हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ते येथे उलटी वाटणारी कामगिरी करते. ते स्वतः ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे प्लॅस्टिक बिघडवणाऱ्या ऑक्सिजनच्याच गोटातले. मात्र ते पृष्ठभागाशी मोठ्या प्रमाणात उपलब्ध असते आणि प्रकाश व उष्णतेच्या साह्याने त्या पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेवरच हल्ला चढवते. रचनेतील एक दुहेरी बंध तुटला की इलेक्ट्रॉनांची जागा आक्रसते, निळा प्रकाश शोषला जात नाही आणि पिवळेपणा जातो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: ऊन दोन्ही वेळी केवळ ऊर्जा पुरवते, आणि ती कशाच्या वाट्याला जाते यावर निकाल ठरतो. काही व्हिडिओकारांनी नुसत्या उन्हातही रंग फिका झाल्याचे दाखवले आहे; रंगद्रव्य स्वतःच जांभळा-निळा प्रकाश शोषून मोडू शकते, त्यामुळे त्यातही आश्चर्य नाही. परंतु तुटलेल्या साखळ्या कोणत्याही द्रावणाने सांधल्या जात नाहीत. पेटी पांढरी होते, ठिसूळपणा तसाच राहतो. "नव्यासारखा संगणक" हा दावा त्यामुळे चुकीचा आहे आणि तो करणाऱ्यांनी थांबवला पाहिजे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांच्या तुलनेत येथे तो सुमारे चौपट. रंग उतरवण्यास ही स्थिती अनुकूल असली, तरी पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या यंत्रासाठी तीच घातक ठरते. ब्युटी पार्लरमधील १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले, केस रंगवण्याचे डेव्हलपर क्रीम आपल्या कोरड्या उन्हात झपाट्याने वाळते, आणि जेथे ते वाळते तेथे कायमचे डाग पडतात. पारदर्शक डब्यातील पातळ द्रावणात सुटा भाग पूर्ण बुडवणे अधिक चांगले. औषधांच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडचे ६ टक्के द्रावण २० व्हॉल्यूमचे असते, म्हणजे त्याच्या १ लिटरमधून सुमारे २० लिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो. म्हणून डब्याचे झाकण कधीही घट्ट लावू नये. हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही.

यंत्र शोधायला कबाडीकडे जाणाऱ्यांना आणखी एक सांगणे आहे. जुन्या टीव्ही आणि रेडिओमध्ये लाखो रुपयांचे 'रेड मर्क्युरी' असते, ही अफवा अनेक वर्षे फिरते आहे. सांगितले जाते तसा कोणताही पदार्थ अस्तित्वात नाही. या अफवेच्या नादात लोकांनी चांगली यंत्रे फोडली, आणि फसवणारे पैसे घेऊन गेले, याचा मला मनापासून राग येतो.

पांढरी केलेली पेटी काही वर्षांनी पुन्हा पिवळी पडते, असे अनेक निर्मात्यांनी नंतरच्या व्हिडिओंत प्रामाणिकपणे दाखवले आहे, आणि दीर्घ कारकिर्दीचे वैज्ञानिक मोल मला येथेच दिसते. चार महिन्यांत संपणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला जे दिसणार नाही, ते दहा वर्षे तीच यंत्रे कॅमेऱ्यासमोर आणणाऱ्याला दिसते. मात्र त्यासाठी तुलना हवी. नागपुरातील कोणी हे काम हाती घेतलेच, तर एकाच पेटीचा एक भाग प्रक्रिया न करता ठेवावा, प्रत्येक चित्रीकरण त्याच दिव्याखाली, शेजारी रंगांचा ठरावीक तक्ता ठेवून करावे, आणि द्रावणाची तीव्रता, तापमान, वेळ व तारीख पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहावी.