ड्रोन दहशतवाद

राज्यसंस्थेबाहेरील सशस्त्र गट टेहळणी, हल्ला, शस्त्रांची चोरटी वाहतूक किंवा प्रचारासाठीचे चित्रण यांकरिता मानवरहित विमानांचा जो वापर करतात, त्याला ही संज्ञा लावली जाते. लेबनॉनमधील हिजबुल्लाहने नोव्हेंबर २००४ मध्येच उत्तर इस्राएलवर असे विमान उडवले होते. मात्र त्यामागे इराणचे साहाय्य होते. कोणत्याही सरकारच्या मदतीवाचून, दुकानातून विकत घेता येणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनचा पद्धतशीर वापर प्रथम ठळकपणे केला तो इराक व सीरियातील इस्लामिक स्टेटने.

ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तर इराकमध्ये हाती लागलेल्या इस्लामिक स्टेटच्या एका ड्रोनची तपासणी चालू असताना त्यात दडवलेली स्फोटके फुटून दोन कुर्दी पेशमर्गा सैनिक ठार, तर दोन फ्रेंच सैनिक जखमी झाले. जानेवारी २०१७ मध्ये या संघटनेने स्वतंत्र ड्रोन पथकाची घोषणा केली. त्या वेळी इराकमधील मोसूल शहरासाठी पेटलेल्या लढाईत हे ड्रोन इराकी तुकड्यांवर लहान बॉम्ब टाकत, गल्ल्यांतून येणाऱ्या आत्मघाती मोटारींना वाट दाखवत आणि स्फोटाचे दृश्य टिपून प्रचारफितींना खाद्य पुरवत. एकाच दिवसात सुमारे ७० ड्रोन आकाशात दिसल्याचे अमेरिकेच्या विशेष मोहिमांचे प्रमुख जनरल रेमंड थॉमस यांनी नंतर सांगितले. या छोट्या बॉम्बची संहारकता मोटारबॉम्बपुढे किरकोळच होती. तरीही हवाई वर्चस्व आपलेच असे गृहीत धरणाऱ्या सैन्याला डोक्यावरचे आकाश असुरक्षित वाटू लागले, हा परिणाम अधिक खोल म्हणावा लागेल.

जानेवारी २०१८ मध्ये सीरियातील ख्मैमिम व तार्तूस या रशियन तळांवर १३ घरगुती बनावटीचे ड्रोन एकाच वेळी चालून आले. भारतात २७ जून २०२१ रोजी पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून आलेल्या स्फोटकांचे दोन स्फोट झाले. त्यांत एका इमारतीच्या छताची हानी झाली आणि दोन जवान किरकोळ जखमी झाले. पंजाबच्या सीमेवर ड्रोनमधून शस्त्रे टाकण्याचे प्रकार त्याआधी, २०१९ पासूनच उघडकीस येत होते.

लहान आकार, मंद गती आणि कमी उंची यांमुळे असे ड्रोन पारंपरिक रडारला सहज सापडत नाहीत. संदेशलहरी रोखणारी यंत्रणा उपयोगी पडते. पण आधीच आखून दिलेल्या मार्गावर स्वतः उडणाऱ्या ड्रोनपुढे तिची मात्रा कमी चालते. खर्चाचे गणितही बचाव करणाऱ्याच्या विरुद्ध जाते. अमेरिकेच्या एका मित्रराष्ट्राने जेमतेम २०० डॉलरचा ड्रोन सुमारे ३० लाख डॉलरच्या पेट्रियट या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राने पाडला, असे अमेरिकी लष्कराचे जनरल डेव्हिड पर्किन्स यांनी २०१७ मध्ये सांगितले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची विशेष बैठक २८ व २९ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई व दिल्ली येथे झाली. तिच्या दिल्ली जाहीरनाम्यात या धोक्याची दखल घेण्यात आली आणि त्यानुसार डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली. ती सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक नाहीत.