तलावावरची बदकं मोजायची कशी?

साताऱ्याच्या खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी हे तलाव एकमेकांपासून फार लांब नाहीत. येरळवाडीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) कोणी हुसकले, तर थोड्याच वेळात ते शेजारच्या पाण्यावर उतरू शकतात. एकाच गटाने सकाळी एक आणि दुपारी दुसरा तलाव केला, की तेच पक्षी वहीत दोनदा चढतात. म्हणून तीन तलाव, तीन गट आणि एकच सकाळ. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, कारण हिवाळी पाहुणे तेव्हा बऱ्यापैकी स्थिरावलेले असतात.

मोकळ्या पाण्यावर थेट मोजणी चालते. सूर्य पाठीशी घ्या, तिपाईवर दुर्बीण लावा आणि पंपघर, बुडालेली बाभूळ अशा खुणांनी तलावाचे भाग पाडा. दहा वाजल्यानंतर उन्हाने हवा थरथरते आणि लांबची चक्रांग नि भुवई बदकं एकसारखीच दिसू लागतात. थवा मोठा असेल तर आधी खरोखर ५० पक्षी मोजा, तेवढ्या थव्याने किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि पूर्ण थव्यात तशा किती जागा बसतात ते पाहा. इथे फसगत ठरलेली: नमुना दाट मध्यातला घेतला तर आकडा फुगतो, विरळ कडेचा घेतला तर घटतो. दोन्हीकडचे नमुने घ्या. टिबुकली सतत बुड्या मारते; तिच्यासाठी तोच भाग दोन-तीनदा फिरवून पाहावा आणि सर्वांत मोठा आकडा धरावा.

पाणकणसात लपणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीला मात्र ही पद्धत लागू नाही. तिथे दोन निरीक्षक एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता, दिसलेला प्रत्येक पक्षी नकाशावर टिपतात. समजा एकाला ४० दिसले, दुसऱ्याला ३५, आणि नकाशे जुळवल्यावर दोघांना समान निघाले २८. मग ४० गुणिले ३५ भागिले २८, म्हणजे अंदाज ५०. प्रत्यक्षात दिसले ४७च. उरलेले तीन दोघांनाही चुकले असावेत. जो पक्षी गवतातून बाहेरच येत नाही, तो या गणितातही सापडत नाही, म्हणून ५० हा किमान आकडा समजावा.

पट्टकदंब हंस रात्री हरभऱ्याच्या शिवारात चरतात, दिवसा पाण्यावर विसावतात. पहाटे परततानाच ते मोजलेले बरे. ड्रोनचा मोह टाळा. एक थवा उडाला की सगळा तलाव हलतो.

ओळख न पटलेलं बदक ‘अनोळखी बदक’ म्हणूनच लिहा, अंदाजाने तलवार बदकात ढकलू नका. काहीच नसेल तिथे शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे मोजलं नाही. आणि पाण्याची पातळी नोंदवायला विसरू नका. तलाव काठोकाठ भरलेल्या वर्षी चिखलाचे काठ बुडतात, शेकाटे दुसरीकडे जातात, आणि पातळीची नोंद नसेल तर तीच घट पुढे कोणीतरी शिकारीच्या नावावर टाकतो.