गिफ्ट (शब्द)

गिफ्ट : जर्मानिक भाषांमधील एक शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ भेटवस्तू, जर्मनमध्ये विष, तर स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये विष आणि ‘विवाहित’ असे दोन्ही. मराठीत ‘रिटर्न गिफ्ट’पर्यंत रुळलेला शब्द इंग्रजीतला, जर्मन दुकानात डबीवर तो दिसला तर डबी जपून हाताळावी.

हे अर्थ एकाच मुळाचे आहेत. ‘देणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूपासून हे नाम बनले. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ही क्रियापदे त्याच धातूची. मूळ अर्थ ‘जे दिले ते’ एवढाच. काय दिले आणि कोणाला, यावरून पुढच्या वाटा फुटल्या.

विषाची वाट वैद्यकातून गेली. ग्रीक ‘दोसिस’ म्हणजे देणे, त्यावरून औषधाची एका वेळी द्यायची मात्रा, म्हणजे आपला ‘डोस’. या शब्दाचा लॅटिनमार्गे प्रभाव पडून जर्मन ‘गिफ्ट’लाही ‘दिलेली मात्रा’ आणि पुढे ‘घातक मात्रा’ हा अर्थ चिकटला, असे भाषाभ्यासक सहसा मानतात. (‘दोसिस’ आणि मराठी ‘देणे’ यांचे मूळ एकच आहे.) त्यात सौम्योक्तीचाही भाग असावा. विषाचे नाव घेणे टाळायचे म्हणून ‘ते दिलेले’ म्हणायचे. आपणही उंदराचे ‘औषध’च आणतो. फ्रेंच व इंग्रजी ‘पॉइझन’ची कथा फार वेगळी नाही : लॅटिनमध्ये तो नुसता ‘पेय’ या अर्थाचा शब्द होता. पुढे जर्मनमध्ये ‘देणगी’ हा अर्थ मागे पडला आणि विषवाचक ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी झाला. जुना अर्थ आणि जुने स्त्रीलिंग ‘मिटगिफ्ट’मध्ये, म्हणजे मुलीसोबत दिलेल्या हुंड्यात, टिकून राहिले.

लग्नाची वाट उत्तरेकडची. स्वीडिशमध्ये ‘यिफ्ट’ असा उच्चार होणारे विशेषण म्हणजे विवाहित. मुलगी ‘दिली’ की ती ‘दिलेली’ झाली. कन्यादान हा शब्द वापरणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र आज तिथे नवऱ्यालाही तोच शब्द लागतो. विषाचा अर्थ जर्मन प्रदेशातून तिकडे गेला, आणि लग्न व विष यांवरचा विनोद तिथे इतका जुना आहे की त्यावर आता कोणी फारसे हसत नाही.

जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्यासाठी होता, अनेकवचनात लग्नासाठी, आणि उच्चार ‘यिफ्ट’च्या जवळचा. आजचा कठोर ‘ग’ आणि ‘भेट’ हा अर्थ यांमागे व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेचा प्रभाव आहे. त्याच भाषेत ‘गिप्ता’ म्हणजे सुदैव.

डचमध्ये ‘गिफ्ट’ देणगीच राहिली आणि विषाला ‘गिफ’ किंवा ‘व्हरगिफ’ म्हणतात. तिथे ‘व्हरगिफनिस’ म्हणजे मात्र क्षमा.