दोन सनदांची वकिली: पार्श्वभूमी

जर्मन आणि फ्रेंच सफाईने बोलणारे वकील ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर जुने आहेत. आल्सास-मोझेल हा आजच्या पूर्व फ्रान्समधला प्रदेश १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता. तिथल्या व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली, १८९२ च्या जर्मन कायद्यातली मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी १९२५ मध्ये साऱ्या फ्रान्सने उचलली. पण दोन्ही देशांची सनद एकाच वकिलाकडे असणे ही अगदी अलीकडची गोष्ट.

तिचे मूळ १९८१ सालच्या एका नकारात आहे. ड्युसेलडोर्फच्या एका वकिलाने पॅरिसमध्ये सनद मागितली. त्याच्याकडे पॅरिसची डॉक्टरेट होती, वकिलीची फ्रेंच परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. अडले ते एवढ्यावरच की त्याला ड्युसेलडोर्फचे ऑफिस बंद करायचे नव्हते. पॅरिसच्या वकील संघाने नियम दाखवला: एका वकिलाचे एकच ऑफिस, तेही आपल्या न्यायालयाच्या हद्दीत. हा नियम परक्यांना अडवण्यासाठीच केला होता असे सर्रास लिहिले जाते, ते तितके खरे नाही. फ्रेंच वकीलही त्याने बांधलेले होते, आणि वकील न्यायाधीशांना व अशिलांना हाताशी असावा ही अपेक्षा गैर नव्हती. तरीही तो नियम सीमेपलीकडच्या ऑफिसला लावणे म्हणजे जर्मन वकिलाला एक देश सोडायला सांगणेच होते. पॅरिसच्या अपील न्यायालयाने नकार रद्द केला, प्रकरण वर गेले, आणि १२ जुलै १९८४ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितले की युरोपीय समुदायाच्या दुसऱ्या सदस्य देशात ऑफिस आहे एवढ्यावरून सनद नाकारता येणार नाही. प्रवास आणि दूरसंचाराची आधुनिक साधने असताना संपर्क अडत नाही, हेही निकालात आहे. इंटरनेटच्या किती आधी!

कंपनी कायद्याचे काम मात्र यानेही लगेच हाती आले नाही. फ्रान्समध्ये ते बरेचसे कायदेविषयक सल्लागारांच्या वेगळ्या व्यवसायाकडे होते; तो वकिलीत मिसळला १९९२ च्या आरंभी. मग १९९८ च्या युरोपीय निर्देशाने (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा सामायिक नियम), मूळ देशातल्या वकिलाच्या पदनामाने यजमान देशात तिथल्या कायद्याची तीन वर्षे सलग वकिली केली की परीक्षेविना तिथली सनद, अशी वाट काढली.

पुढचे काम व्यवहारांनीच पुरवले. १९९९ मध्ये एक जर्मन आणि एक फ्रेंच औषध-रसायन कंपनी एकत्र आल्या, मुख्यालय स्ट्रासबुर्गजवळ. वर्तमानपत्रांनी त्याला विलीनीकरण म्हटले. कागदावर फ्रेंच कंपनीने समभागांच्या अदलाबदलीतून जर्मन कंपनी ताब्यात घेतली होती. सीमेपलीकडच्या खऱ्या विलीनीकरणाचा निर्देश त्यानंतर, २००५ मध्ये आला. लहान सौद्यांतही फरक बोचतोच: मर्यादित जबाबदारीच्या छोट्या कंपनीचा हिस्सा विकायचा तर फ्रान्समध्ये खासगी करारपत्र चालते, जर्मनीत नोटरीने पक्षकारांसमोर दस्त वाचून दाखवावा लागतो. आपल्याकडच्या शिक्का मारणाऱ्या नोटरीशी त्याची गल्लत करू नये.

कंपनीचे सीमापार रूपांतर (एका देशाची कंपनी दुसऱ्या देशाची होणे) आणि विभाजन यांचे नियम २०१९ च्या निर्देशात आले. ते ३१ जानेवारी २०२३ पर्यंत देशी कायद्यात आणायचे होते. दोघांनीही मुदत चुकवली. जर्मनीचा कायदा १ मार्चला लागू झाला, फ्रान्सचा १ जुलैला.