रिपब्लिकन कॉकस आणि फ्रीडम कॉकस: अमेरिकी राज्यांच्या विधिमंडळांतील दोन वेगळ्या संघटना

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळाविषयीची बातमी वाचताना ‘रिपब्लिकन कॉकसचा विरोध’ आणि ‘फ्रीडम कॉकसचा विरोध’ हे दोन मथळे एकाच अर्थाचे वाटणे साहजिक आहे (कॉकस म्हणजे आमदारांचा संघटित गट). दोन्हींकडचे सदस्य रिपब्लिकन पक्षाचेच असतात, कर कमी असावेत, बंदूक बाळगण्याच्या हक्काला हात लागू नये, गर्भपातावर निर्बंध असावेत यांवर त्यांचे बहुतांशी एकमत असते आणि पुष्कळदा एकच आमदार दोन्ही बैठकांना बसलेला असतो. तरीही या संघटनांची कामे वेगळी आहेत, त्यांना मिळणारे बळ वेगळ्या ठिकाणाहून येते आणि त्यांचे प्रतिस्पर्धीही वेगळे आहेत. रिपब्लिकन कॉकसमधले जरा अधिक कडवे लोक म्हणजे फ्रीडम कॉकस, एवढ्यावर समजूत थांबली तर मिझुरी, साउथ कॅरोलिना किंवा वायोमिंगमध्ये गेल्या काही वर्षांत जे घडले त्याचा उलगडा होत नाही, कारण तिथली भांडणे धोरणांवर जितकी झाली त्याहून जास्त सभागृह कोणी चालवायचे यावर झाली. (आयोवात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी होणारी कॉकस ही तिसरीच गोष्ट आहे, तिचा इथे काही संबंध नाही.)

आपल्याकडे ज्याला विधिमंडळ पक्ष म्हणतात, त्याला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे रिपब्लिकन कॉकस. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला प्रत्येक आमदार सामान्यतः आपोआप तिचा सदस्य होतो. निवडणुकीनंतर आणि अधिवेशनापूर्वी ही कॉकस बंद दाराआड बसते, बहुमत असेल तर सभापतिपदाचा उमेदवार ठरवते, गटनेता आणि प्रतोद निवडते. पुढे विधेयक मतदानाला आणण्याआधी मतांची मोजदाद इथेच होते, आणि पुढच्या निवडणुकीत विद्यमान आमदारांच्या जागा राखण्यासाठी पैसा उभा करण्याचे कामही बहुधा तिच्याशी जोडलेली समिती करते. थोडक्यात, बहुमत मिळवणे आणि मिळालेले टिकवणे हा तिचा धर्म आहे, त्यामुळे मवाळ मतदारसंघातला आमदार आणि कट्टर मतदारसंघातला आमदार या दोघांनाही सांभाळून घेणे तिला भाग असते.

या कॉकसने निवडलेल्या नेत्यांच्या हाती नेमके काय असते, हे वायोमिंगमधल्या टेबलाच्या एका खणावरून चांगले कळते. तिथे आलेले विधेयक कोणत्या समितीकडे पाठवायचे हे सभापती ठरवतो. त्याने ते कुठेच पाठवले नाही तर विधेयक चर्चेविना, मतदानाविना संपते, आणि याला तिथल्या राजकारणात सरळ ‘खणात ठेवणे’ म्हणतात. २०२३ च्या अधिवेशनात तेव्हाचे रिपब्लिकन सभापती अल्बर्ट सॉमर्स यांनी खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा देणारे आणि शाळांतील लिंगओळखविषयक शिक्षणावर बंधने घालणारे, अशी स्वपक्षीयांचीच विधेयके खणात ठेवली. डेमोक्रॅट आमदार तेव्हा ६२ पैकी जेमतेम ५ होते. म्हणजे ही अडवणूक संपूर्णपणे घरातली होती.

फ्रीडम कॉकसची कूळकथा मात्र वॉशिंग्टनमध्ये सुरू होते. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील काही रिपब्लिकन सदस्यांनी हाउस फ्रीडम कॉकस स्थापन केली. जिम जॉर्डन तिचे पहिले अध्यक्ष झाले. प्रवेश केवळ निमंत्रणाने, अधिकृत सदस्ययादी जाहीर न करण्याची प्रथा, आणि गटातील ८० टक्के सदस्य एका भूमिकेवर आले की सर्वांनी एकगठ्ठा मतदान करण्याचा नियम, ही तिची वैशिष्ट्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सभापती जॉन बेनर यांनी पद सोडण्याची घोषणा केली, त्यामागे या गटाचा दबाव होता. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अटलांटा इथे स्टेट फ्रीडम कॉकस नेटवर्क सुरू झाले आणि वॉशिंग्टनमधला हा प्रयोग राज्याराज्यांत नेण्याचा उद्योग पद्धतशीरपणे हाती घेण्यात आला. या जाळ्याचे अध्यक्ष अँड्र्यू रॉथ आहेत, आणि त्याला पाठबळ आहे ते साउथ कॅरोलिनाचे माजी सिनेटर जिम डीमिंट यांनी २०१७ मध्ये स्थापन केलेल्या कंझर्व्हेटिव्ह पार्टनरशिप इन्स्टिट्यूटचे.

या जाळ्याने राज्यांतल्या गटांना जे दिले त्यात घोषणांपेक्षा फार मोलाची गोष्ट म्हणजे पगारी माणूस. प्रत्येक राज्यासाठी एक संचालक नेमला जातो आणि तो विधेयके वाचतो, त्यातल्या आडबाजूच्या तरतुदी शोधतो, सदस्यांना सावध करतो. बाहेरच्याला ही किरकोळ सोय वाटेल, पण अमेरिकेतील बरीच विधिमंडळे अर्धवेळ आहेत. वायोमिंगच्या विधिमंडळाला दोन वर्षांत मिळून कामकाजाचे ६० दिवस मिळतात आणि तिथल्या आमदाराला स्वतःचा एकही कर्मचारी नसतो. गुरे सांभाळून किंवा दुकान चालवून अधिवेशनाला येणारा हा आमदार शेकडो विधेयकांच्या माहितीसाठी एरवी नेतृत्वावर, विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांवर आणि लॉबीवाल्यांवर अवलंबून असतो. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे मत, हे गणित ओळखून फ्रीडम कॉकसने माहितीची स्वतंत्र सोय उभी केली. माझ्या मते दोन्ही कॉकसमधला खरा फरक इथूनच सुरू होतो; विचारसरणीतले अंतर अनेक राज्यांत त्या मानाने कमी आहे. यावर होणारी टीकाही त्यामुळेच समजण्याजोगी आहे: राज्याच्या आमदाराने कसे मत द्यावे याचा सल्ला बाहेरून पोसलेल्या संस्थेचा माणूस देतो, असे पक्षातील जुने लोक म्हणतात.

याच संदर्भात १९७३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिलचेही नाव घेतले जाते, पण तिथे आमदार आणि कंपन्या एकत्र बसून नमुना विधेयके तयार करतात. सभागृहात मतांचा गठ्ठा बांधणे हे तिचे काम नाही.

मतांचा गठ्ठा बांधता येतो याचे कारण अमेरिकेच्या व्यवस्थेत आहे. भारतात १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाची उमेदवारीदेखील नेत्याच्या हातून मिळत नाही, ती प्राथमिक निवडणुकीत मतदार देतात. म्हणून बंडखोराला शिक्षा करायची तर नेतृत्वाकडे उरते ते समित्यांची अध्यक्षपदे काढून घेणे, कार्यालय बदलणे आणि कॉकसच्या बैठकीचे दार लावणे.

उलट बाजूला छोट्या गटाच्या हाती काय असते, ते त्या त्या सभागृहाच्या नियमांवर ठरते. टेक्सासमध्ये या जाळ्याच्या आधीच, २०१७ साली, प्रतिनिधिगृहातील बारा आमदारांनी फ्रीडम कॉकस काढली होती. तिथे स्थानिक आणि बिनविरोध विधेयकांची एक वेगळी यादी असते आणि पाच सदस्यांनी लेखी हरकत घेतली की विधेयक त्या यादीतून बाहेर जाते. आपली विधेयके नेतृत्वाने अडवली म्हणून त्या वर्षीच्या मे महिन्यात, मुदत संपत आलेली असताना, या गटाने हरकतींचा सपाटा लावून शंभराहून अधिक निरुपद्रवी विधेयकांचा निकाल लावला. वायोमिंगमध्ये सम वर्षांत केवळ अर्थसंकल्पासाठी छोटे अधिवेशन भरते आणि त्यात इतर कोणतेही विधेयक नुसते मांडायलाही दोनतृतीयांश मते लागतात. म्हणजे ६२ जणांच्या सभागृहात २१ जण ठाम राहिले तर विधेयक दारातच अडते. २०२४ मध्ये तिथल्या फ्रीडम कॉकसने या आकड्याचा भरपूर वापर केला. मात्र जिथे रिपब्लिकन पक्षच अल्पमतात आहे तिथे हे सारे हिशेब फोल ठरतात. इलिनॉयच्या प्रतिनिधिगृहात ११८ पैकी ७८ जागा डेमोक्रॅटांकडे असल्याने तिथली फ्रीडम कॉकस पत्रकार परिषदांपलीकडे फारशी जाऊ शकत नाही.

मिझुरीच्या सिनेटमध्ये दोन्ही बाजूंनी आपापली हत्यारे पूर्ण परजून पाहिली. ३४ जणांच्या या सभागृहात २४ रिपब्लिकन होते, पण बोलायला उभ्या राहिलेल्या सदस्याला थांबवण्याचा प्रस्ताव तिथे क्वचितच आणला जातो, त्यामुळे चार-पाच जण पाळीपाळीने बोलत राहिले तरी कामकाज ठप्प होते. जानेवारी २०२४ मध्ये फ्रीडम कॉकसने अशी कोंडी केल्यावर सिनेटचे रिपब्लिकन नेते कॅलेब राउडन यांनी बिल आयगेल, रिक ब्रॅटिन, डेनी हॉस्किन्स आणि अँड्र्यू कोनिग यांची समित्यांची अध्यक्षपदे काढून घेतली. विधिमंडळाच्या आवारातील त्यांच्या गाड्या लावण्याच्या जागाही बदलून लांबच्या दिल्या. ही शिक्षा हास्यास्पद वाटते खरी, पण नेतृत्वाच्या भात्यात बाण किती थोडे असतात तेही तिच्यातून दिसते. एप्रिलच्या अखेरीस याच गटाने रुग्णालयांवरील कराच्या विधेयकावर ४१ तास भाषणे केली. मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, केंद्राचा निधी राज्याला मिळतो तो याच कराच्या आधारे. अखेर विधेयक संमत झाले. त्या वर्षी आयगेल राज्यपालपदाच्या आणि कोनिग खजिनदारपदाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले, तर हॉस्किन्स मिझुरीचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यात निवडणुकांचे काम पाहणारा अधिकारी) म्हणून निवडून आले.

साउथ कॅरोलिनात तर या दोहोंमधला फरक कायद्याच्या पुस्तकातच नोंदलेला होता. २०२२ च्या निवडणुकीनंतर तिथल्या प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन कॉकसने सदस्यांकडून प्रतिज्ञापत्र मागितले: सहकारी विद्यमान आमदाराविरुद्ध प्रचार करणार नाही आणि बैठकीतली चर्चा बाहेर फोडणार नाही. फ्रीडम कॉकसच्या सदस्यांनी सही करायचे नाकारले आणि ते पक्षाच्या कॉकसबाहेर पडले. पक्षात मात्र राहिले. त्याच सुमारास प्रश्न आला पैशाचा. राज्याच्या कायद्यानुसार पक्ष, वंश किंवा लिंग यांवर आधारलेल्या कॉकसना देणग्या घेण्याची आणि निवडणुकीत खर्च करण्याची मुभा होती. बाकीच्या ‘विशेष हितसंबंधी’ कॉकसना ती नव्हती. त्या वेळी अ‍ॅडम मॉर्गन यांच्या अध्यक्षतेखाली असलेली फ्रीडम कॉकस अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर केंद्रीय न्यायालयात गेली, आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीश कॅमरन मॅगॉवन करी यांनी तिच्या बाजूने निकाल दिला.

कॉकसचा आदेश झुगारणे हाच कट्टर गटाचा स्वभाव आहे असे यावरून कोणी म्हणेल, तर त्याने टेक्सासकडे पाहावे. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये रिपब्लिकन कॉकसने सभापतिपदासाठी डेव्हिड कुक यांचे नाव निश्चित केले आणि या निवडीमागे उभे राहण्याचे बंधन कॉकसच्या नियमांत होते. तरीही डस्टिन बरोज यांनी ४९ डेमोक्रॅट आणि ३६ रिपब्लिकन मतांच्या बळावर १४ जानेवारी २०२५ रोजी ८५ विरुद्ध ५५ असा विजय मिळवला. या वेळी कट्टर गट कॉकसच्या नियमाची दुहाई देत होता आणि नेतृत्वाच्या जवळचे लोक तो मोडत होते. पक्षशिस्तीविषयी दोन्ही बाजूंची मते अशी राज्यागणिक पालटतात, आणि त्यात मला ढोंगापेक्षा हिशेब अधिक दिसतो: कॉकसमध्ये आपले बहुमत असेल तर तिचा शब्द प्रमाण, नसेल तर विवेकाचा कौल प्रमाण.

या सर्व खटाटोपात निर्णायक ठरते ती प्राथमिक निवडणूक, आणि दोन्ही कॉकस इथे थेट समोरासमोर येतात, कारण एकीला विद्यमान आमदार वाचवायचा असतो आणि दुसरीला तोच पाडायचा असतो. वायोमिंगमध्ये ऑगस्ट २०२४ ची प्राथमिक निवडणूक अशीच लढली गेली. फ्रीडम कॉकसच्या बाजूच्या एका निधिसमितीने घरोघरी पाठवलेल्या पत्रकांत, काही रिपब्लिकन आमदारांनी ट्रम्प यांना मतपत्रिकेवरून हटवण्यासाठी मत दिले असा आरोप होता. रॉक स्प्रिंग्जच्या दोन आमदारांनी तो खोटा असल्याचे सांगत बदनामीचा दावा लावला. निकालात विधेयके खणात ठेवणारे सॉमर्स सिनेटच्या जागेसाठी लढून पडले, उपसभापती क्लार्क स्टिथही पडले आणि फ्रीडम कॉकस प्रतिनिधिगृहात बहुमतात आली. नोव्हेंबरमध्ये कॅस्परला झालेल्या रिपब्लिकन कॉकसच्या बैठकीत तिने आपल्या मर्जीतले चिप नीमन यांना सभापतिपदासाठी निवडून घेतले. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या विधिमंडळाचे एक सभागृह ताब्यात असलेली ती देशातली पहिली फ्रीडम कॉकस ठरली.

त्या अधिवेशनात तिने मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा, मालमत्ता करात कपात अशा आपल्या पाच प्रमुख विधेयकांना पहिल्या दहा दिवसांत प्रतिनिधिगृहाची मान्यता मिळवून दाखवली. पण वायोमिंगचे सिनेट रिपब्लिकनांच्याच, तरी वेगळ्या मंडळींच्या हाती होते, आणि पुरवणी अर्थसंकल्पावर दोन्ही सभागृहांचे जमेना तेव्हा सिनेटच्या नेत्यांनी तो सोडूनच दिला. ते वर्ष पुरवणी अर्थसंकल्पाविनाच गेले.